काठीचे दोन ठोके

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मॉनिटर सुखरूप पोचली. हे आधी लिहिते, कारण तू पाकीट फोडून पहिली ओळ उभ्याउभ्याच वाचणार हे मला माहीत आहे. आता खाली बस आणि बाकीचं सावकाश वाच. खरं तर फोनच करणार होते, पण तुझ्या मते हल्ली सगळं जग फोनवर पुटपुटतं, आणि तू तुझं सांगून झालं की ठेवून देतेस. त्यापेक्षा पत्र बरं.

दादाने तिला मांजराच्या टोपलीतून आणलं. टोपली उघडल्यावर बाईसाहेब बाहेर आल्या, खोलीवरून एकदा नजर फिरवली, तू कवायतीच्या तासाला मैदानावर फिरवायचीस तशी, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन सिंकखालच्या कपाटात शिरल्या. अजून तिथेच आहेत. पण छान आहे ती. नवी जागा, नवी माणसं, आणि वयाने काही ती पिल्लू नाही, सात-आठ वर्षांची पोक्त बाई आहे. थोडे दिवस लागणारच.

आम्ही तयारी मात्र जय्यत केली आहे. आमच्या खालच्या मजल्यावर बेकरीवाले काका राहतात आणि ते दिवसा झोपतात, म्हणून आम्ही मुळातच हळू चालणारी माणसं. त्यात मी दिवसभर अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये, जिथे नर्सने शिंकायचं तेही बाहेर जाऊन. आणि हे वाचनालयात, जिथे पान उलटल्याचा आवाज झाला तरी चार माना वळतात. मॉनिटरसाठी आम्ही त्याच्याही वर कडी केली. फळ्यांच्या जमिनीवर घरभर जाड सतरंज्या अंथरल्या. खुर्च्यांच्या पायांना ह्यांचे जुने लोकरी मोजे चढवले. दाराच्या घंटीत कापूस कोंबला. घरात दोघंही अनवाणी, आणि बोलायचं ते कुजबुजत. काल ह्यांनी माझ्याकडे मीठ मागितलं तेसुद्धा खुणेने, आणि मी साखर दिली. रस्सा त्यांनी मुकाट्याने खाल्ला.

तू तिकडे रमलीस का? खोलीत ऊन येतं का? वहिनीच्या दम्यापायी मॉनिटरला तुझ्याबरोबर नेता आलं नाही, याचं तुला किती लागलंय ते मला कळतं. पण तुझं ते पडणं माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. दाराला आतून कडी, मी खिडकीतून पाहते तर तू स्वयंपाकघरात जमिनीवर, आणि मॉनिटर तुझ्या कुशीला लागून बसलेली. सकाळपासून तशी पडून होतीस तू, आणि मी आले दुपारी. म्हणून म्हणते, दादाकडे गेलीस हे फार म्हणजे फार बरं केलंस. मांजराची काळजी सोड. ती आता आमची लेक आहे.

तुझा लोभ आहेच, त्यातला मॉनिटरचा वाटा आता इकडच्या पत्त्यावर पाठवत जा.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिली ओळ उभ्याने वाचली, बाकीचं बसून. ती कपाटात आहे पण छान आहे, असं तू लिहितेस. जन्मभर मुलांना कवायत शिकवली मी. पाय मुरगळलेलं पोर छान आहे म्हणालं की मी आधी त्याला बूट काढायला लावायची. तेव्हा पुढच्या पत्रात बूट काढून लिही.

इथे माझं ठीक आहे. इथे सगळं मऊ आहे. जमिनीवर गालिचा मऊ, गादी मऊ, मुलगा मऊ बोलतो. माझ्या नव्या काठीला सुनेने खाली रबराचं बूच बसवून दिलं, गालिच्याला भोकं पडू नयेत म्हणून. त्यामुळे मी घरात चालते आहे हे माझं मलासुद्धा कळत नाही. सून तर बोलतच नाही. येते, चहा ठेवते, ओठ हलवल्यासारखे करते आणि जाते. मनातल्या मनात माझा उद्धार करत असावी. कधी मी सहज मान वळवावी तर ती माझ्या पाठीशी उभी! किती वेळ उभी असते कोण जाणे. दचकतेच मी. तक्रार नाही हो, तिच्या घरात मीच येऊन पडले आहे. पण हल्ली मी बहुतेक वेळ खोलीतच बसते, भिंतीला पाठ लावून.

आता मुद्द्याचं. माझ्या घराची किल्ली मी अजून मुलाच्या हाती दिलेली नाही. ती माझ्या रुमालाच्या गाठीत आहे. मॉनिटर तुमच्याकडे रमली तर मी इथे रमेन. ती रमली नाही तर आम्ही दोघी उठून आपल्या घरी जाऊ. पडले तर पडले. तुला घाबरवायला म्हणून लिहीत नाही, पण नियम आधीच फळ्यावर लिहिलेला बरा.

तिच्याबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेव. एक, ती भित्री मुळीच नाही. ढग गडगडोत, शेजारी भिंत पाडोत, हिची झोप मोडत नाही. कचरा ओढायचं मशीन चालू असताना त्याच्यावर चढून बसते. शेजारची मांजर घाबरून पळते आणि ही बसून असते. दुसरं, ती भारी मानी आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी लाळघोटेपणा करणार नाही. अशी मांजर कपाटात बसून राहते, तर तुमच्या घरात काहीतरी चुकतंय. ते शोधा.

ग्रंथपालांना आशीर्वाद. ममता आहेच, ती दरमहा वाढवून मागायची गरज नाही.

तुझी,
आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू उगाच घोर लावून घेतेस. बूट काढून सांगते, मॉनिटर अगदी मजेत आहे. सकाळ-संध्याकाळ उकडलेला मासा चाटूनपुसून खाते. दुपारी खिडकीतल्या उन्हात बसून समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांची हजेरी घेते. सोफ्याची डावी बाजू ह्यांची होती, ती आता तिची झाली. हे बिचारे खुर्चीत बसून पेपर वाचतात आणि मधूनच तिच्याकडे पाहून उसासा टाकतात.

आणि गंमत सांगू का? मी कामावरून आले, दार उघडून नुसती मॉनिटर म्हणून हाक मारली की शेपटी उभी करून धावत येते. आता तूच सांग, याला रमणं म्हणायचं नाही तर काय?

तेव्हा ती किल्ली दादाला देऊन टाक बघू. घर भाड्याने द्यायचं म्हणत होता ना तो? रिकामं घर ठेवून उगाच वाळवीला आमंत्रण कशाला? आणि वहिनीचं म्हणशील तर ती मुळातच कमी बोलणारी आहे. मनाने वाईट नाही.

हातातल्या कामामुळे पत्र आटोपतं घेते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


१८ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,
आशीर्वाद.

सापडलीस. मासा, ऊन, कबुतरं, सोफा, सगळ्यावर मी विश्वास ठेवत आले होते. किल्लीची गाठसुद्धा सैल केली होती. पण मॉनिटर आजवर कुणाच्या हाकेला आलेली नाही. मी मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोराला थांबवणारी बाई, माझ्यासुद्धा हाकेला तिने कधी कान हलवला नाही. ती तुझ्या हाकेला शेपटी उभी करून धावत येते होय? लहानपणी दूध सिंकमध्ये ओतून ओठांवर मिशी काढून यायचीस, तेव्हाही एवढीच सुबक थाप मारायचीस.

मुलाला सांगून ठेवलं आहे. महिनाअखेरीच्या रविवारी माझी पेटी घराकडे जाईल. वाटेत तुमच्याकडे थांबून मी मॉनिटरला घेईन. टोपली धुऊन ठेव.

रागावले नाही. पण मला फसवू नकोस, बाळ.

तुझी,
आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्याबाईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी वाचनालयातून लिहीत आहे. भिंगरीला दाखवून मगच टाकणार आहे, तेव्हा तिच्यामागून काही चाललंय असं कृपया समजू नये. ती स्वतः लिहायला बसली होती, पण तीन कागद भिजवून उठली. म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

खरी परिस्थिती अशी आहे. मॉनिटर कपाटातून बाहेर येते ती आम्ही दोघं घराबाहेर असतानाच. तेव्हा थोडंफार खाते, वाळूचं घमेलं वापरते, आणि आम्ही यायच्या आत परत जाते. कधी आम्ही अचानक आलो तर दचकून भिंतीवर आदळते. परवा भिंगरी पाण्याचा वाडगा ठेवायला मागून हलकेच गेली, तर मॉनिटरने उलटून तिच्या हातावर पंजा मारला. चांगला लांब ओरखडा आहे. भिंगरीला त्या ओरखड्याचं काही वाटलं नाही. मांजराच्या डोळ्यांतली भीती पाहून ती कोलमडली. ती रोज इतक्या नाजूक जिवांना हाताळते की तिच्या हाताला कुणी भ्यावं हे तिला सोसत नाही. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पोट, दात, डोळे, सगळं पाहिलं. दुखणं काही नाही, पण वजन उतरलं आहे, आणि असंच चाललं तर कठीण, असं ते म्हणाले.

थाप मारली हे चुकलंच. पण का मारली तेही सांगतो. तुम्ही एकट्या त्या घरात परत जाल या विचाराने भिंगरीचा धीर सुटतो. त्या दिवशी खिडकीतून तुम्हाला जमिनीवर पाहिलं तेव्हा तिला वाटलं होतं की सगळं संपलं. ती तुम्हाला हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. मांजर आमच्याकडे रमावी असं आम्हाला वाटतं ते मांजरासाठी आहेच, पण त्याहून जास्त तुमच्यासाठी आहे.

एक विनंती. आमच्या वाचनालयात कुणी पुस्तक मागायला येतं आणि नाव आठवत नाही म्हणतं, तेव्हा मी त्याला काय आठवतं ते सगळं सांगायला लावतो, अगदी मुखपृष्ठावर चहाचा डाग होता इथपर्यंत. पुस्तक बहुधा त्या डागावरूनच सापडतं. तसा तुम्ही तुमचा आणि मॉनिटरचा एक दिवस मला लिहून पाठवा. सकाळी उठल्यापासून. क्षुल्लक वाटेल तेही गाळू नका.

तोवर पेटी हलवू नये, एवढी एक भीक घाला. स्नेह आहे तो अशा वेळीच कामी यावा.

आपला आज्ञाधारक,
जावई


२४ फेब्रुवारी

चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

बायको थापाडी असली तरी नवरा खरं बोलणारा आहे, म्हणजे संसार तरून जाईल. पेटी सध्या जागेवर आहे. रविवार पुढे ढकलला, रद्द केलेला नाही.

एक दिवस मागितलात, घ्या. मी उठले की अख्खा मजला उठतो. पायात जाड टाचेचे बूट, हे मी शाळा सोडली तरी सोडले नाहीत. सपाता घालून मला आपण आजारी आहोत असं वाटतं. खाटेवरून उतरले की डावा-उजवा करत स्वयंपाकघरात जायचं. तोवर मॉनिटर दाराशी हजर. मासा ताटलीत काढायचा आणि काठी फळीवर दोनदा आपटायची. का आपटायची ते विचारू नका, शाळेत रांग लावायला मी तशीच आपटायची, सवय राहिली. दोन ठोके म्हणजे जेवण. मग ती खाते, मी चहा घेते, मी तिला पेपर वाचून दाखवते, ती तिकडे पाठ करून बसते. दुपारी मी आरामखुर्चीत झुलते, ती खुर्चीच्या पायाशी अंग टेकून झोपते. संध्याकाळी परत दोन ठोके. झाला आमचा दिवस. यात तुमचा चहाचा डाग कुठे आहे ते तुम्ही शोधा.

माझं स्वतःचं अनुमान विचाराल तर तिला माझा वास हवा आहे. म्हणून मुलाबरोबर माझी जुनी काठी पाठवते आहे, ती लोखंडी टोकाची. मुठीला माझ्या हाताचा इतक्या वर्षांचा घाम आहे. ती कपाटाच्या दाराशी उभी करून ठेवा. वास घेईल आणि येईल बाहेर. इथे तसंही त्या काठीला मज्जाव आहे.

भिंगरीला म्हणावं, ओरखड्याला हळद लाव आणि रडू नकोस. तिने मला उचललं तेव्हा तिचे हात एवढेसुद्धा थरथरत नव्हते. मला ते आठवतं.

तुमच्याविषयी आपुलकी होतीच, या पत्राने तिला बढती मिळाली.

तुमची,
आत्या


३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, मॉनिटर बाहेर आली! या वेळी थाप नाही. हे मी लिहिते आहे आणि ती टेबलावर, याच कागदाच्या कोपऱ्यावर बसली आहे. खाली जो चिखलाचा ठसा दिसतो ना, ती तिची सही समज. कुंडीत पाय घालून आली आहे.

सगळं सांगते. दादा शनिवारी काठी ठेवून गेला. तू सांगितल्याप्रमाणे ती कपाटाच्या दाराशी उभी केली. मॉनिटरने मूठ हुंगली, आणि पुन्हा आत जाऊन बसली. तुझं वासाचं अनुमान सपशेल पडलं. आम्ही दोघं पार हातपाय गाळून बसलो. मी तर मनात टोपली धुवायलाही घेतली होती.

रविवारी सकाळी हे चहाचा कप घेऊन चवड्यांवर चालत येत होते, तर सतरंजीच्या काठात पाय अडकला. कप एकीकडे, हे एकीकडे. इतक्या वर्षांत मी ह्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. त्या सतरंजीचा असा काही उद्धार केला म्हणतेस! रागारागाने ती गुंडाळली, कोपऱ्यात भिरकावली, आणि हाताला आली ती तुझी काठी घेऊन उघड्या फळीवर दोनदा आपटली, आता परत अंथरून दाखव म्हणून मला दम दिला. मी उत्तर देणार तोच कपाटाच्या दारातून एक तोंड बाहेर आलं.

आम्ही जागच्या जागी थिजलो. आम्ही थिजलो तशी ती परत मागे सरकली. मग ह्यांनी मला हाताने गप्प केलं, तुझं पत्र आठवून काठी उचलली आणि पुन्हा दोन ठोके दिले. मॉनिटर बाहेर आली, पूर्ण, शेपटीसकट. आमच्याकडे न बघता ताटलीपाशी जाऊन बसली आणि रिकाम्या ताटलीकडे पाहून आमची लाज काढली.

मी मासा काढायला वळले आणि माझ्या हातून झाकण पडलं, थेट ओट्यावरच्या पातेल्यांवर. हे दचकून उडाले. तिने मात्र साधा कानही हलवला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाळांना घरी पाठवण्याआधी आम्ही त्यांचे कान तपासतो, आत्या. माझं रोजचं काम आहे ते. मी तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली, पातेल्यावर चमचा बडवला, शेवटी ह्यांना शिटी मारायला लावली. काही नाही. आणि मग मी पाय आपटला, तर तिने वळून शांतपणे माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच खाली बसले. हसत होते की रडत होते ते मलाच कळेना.

डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही कान गेलेले आहेत, आणि आजचे नाहीत, निदान काही वर्षं झाली असावीत. बाकी तब्येत ठणठणीत. ते म्हणाले, अशा मांजराला जमिनीतून कळतं, कोण येतंय, कुठून येतंय. आणि आम्ही काय केलं? घरभर सतरंज्या अंथरल्या, बूट काढले, चवड्यांवर चाललो. तिला सुख व्हावं म्हणून आम्ही जितके हळू होत गेलो, तितके तिच्या लेखी आम्ही जास्त भुतासारखे कुठूनही उगवत गेलो. दोन माणसं असलेलं घर तिला रिकामं वाटत होतं, आणि त्या रिकाम्या घरात एकदम कुणाचा तरी हात पुढे यायचा. माझ्या ओरखड्याचा अर्थ मला आता लागला.

सतरंज्या सगळ्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. खुर्च्यांचे मोजे काढले. ह्यांनी लग्नातले टाचेचे बूट काढले, ते घालून घरात खाडखाड फिरतात आणि स्वतःवरच खूश होतात. प्रश्न होता बेकरीवाल्या काकांचा. मी खाली परवानगी मागायला गेले. ते म्हणाले की मधे तुमच्याकडून काहीच हालचाल येईना, म्हणून त्यांना वाटलं वर कुणी आजारी आहे, आणि त्या काळजीने त्यांनाच झोप लागत नव्हती. संध्याकाळच्या जेवणाचे ठोके जरा जोरात द्या, म्हणजे त्यांना उठायला गजर लावावा लागणार नाही, असंही म्हणाले. आता रोज दोन ठोके पडले की वर मॉनिटर येते आणि खाली काका खोकतात. आता ती आम्हाला दाराशी येऊन भेटते. काल ह्यांच्या बुटांवर बसून झोपली, आणि ह्यांनी संध्याकाळभर पाय हलवला नाही. माझा जीव भांड्यात पडला, आत्या. कधीपासून टांगणीला लागला होता.

आता पुढचं लिहिते त्यावर रागावू नकोस. तू म्हणायचीस ती मानी आहे, हाकेला येत नाही, गडगडाटाला भीत नाही. तिला ऐकूच येत नव्हतं. आणि इतकी वर्षं एका घरात राहून तुला ते कळलं नाही, कारण… पुढचं वाक्य मी लिहिलं आणि खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा खोडलं. तुझं तूच पूर्ण कर.

आमच्या तिघांचं प्रेम तुझ्याकडे निघालं आहे, पाय वाजवत.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

…कारण मलाही ऐकू येत नाही. घे, केलं पूर्ण. एवढं काय खोडत बसलीस!

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा ती बाहेर आली म्हणून रडले. दुसऱ्यांदा हसू आलं ते थांबेना. एका घरात आम्ही दोघी ठार बहिऱ्या. मी तिला पेपर वाचून दाखवायची, ती माझ्यावर ओरडायची म्हणे. मांजर फार मोठ्याने ओरडते अशी शेजाऱ्यांची तक्रार होती, आणि मला वाटायचं शेजारी भारीच नाजूक. ती मानी नव्हती आणि जगही पुटपुटत नव्हतं. पण काठी आपटली की ती यायची, ती आली की मला बरं वाटायचं, मग दोघींना कानांची गरजच कुठे पडली?

मग मी तुझं ते भुताचं वाक्य पुन्हा वाचलं. आणि भिंगरी, माझा गालिचा आठवला. काठीचं रबर आठवलं. पाठीशी येऊन उभी राहणारी सून आठवली. दिवसेंदिवस खोलीत भिंतीला पाठ लावून बसते मी. म्हणजे मीही कपाटातच बसले होते म्हण ना.

मुलाने मागे कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते डबीत घालून मी खणात तळाशी ठेवलं होतं, म्हाताऱ्यांची वस्तू म्हणून. ते काढलं आणि कानात घातलं. आधी नळाने घाबरवलं, मग माझ्याच काठीच्या मुठीच्या करकरीने. मग सून चहा घेऊन आली. मला वाटायचं ही ओठ हलवून माझा उद्धार करते. ती विचारत होती की आई, गुडघा आज कसा आहे, शेकून देऊ का. मी तिला विचारलं, हे आजच विचारतेस की रोज? ती म्हणाली रोजच विचारते, पण तुम्ही तोंड फिरवता, म्हणून वाटलं की तुम्हाला मी इथे नको आहे. आणि ती काम करताना गुणगुणते, भिंगरी. किती गोड गुणगुणते! इतके दिवस हे सगळं माझ्या पाठीशी चाललं होतं आणि मी किल्लीची गाठ आवळत बसले होते. मला फार वाईट वाटलं, आणि तसं मी तिला सांगितलं. गुडघाही शेकून घेतला.

तुझं पत्र मी तिला वाचायला दिलं. तिने वाचलं आणि दुपारी आपण होऊन माझ्या खोलीतला गालिचा गुंडाळून नेला. खाली चांगली फळ्यांची जमीन आहे. काठीचं रबर मी काढलं.

किल्ली आज सकाळी मुलाच्या हातावर ठेवली. घर भाड्याने द्यायला सांगितलं आहे. भाडेकरू चांगला पाय वाजवणारा बघ म्हटलं. जुनी काठी तुमच्याकडेच राहू दे. मॉनिटरला भेटायला येईन तेव्हा जिन्यापासूनच पाय आपटत येईन, म्हणजे तिला आधी कळेल.

ते मशीन दिवसभर कानात ठेवलं की डोकं भणभणतं, म्हणून संध्याकाळी काढून ठेवते. काल तशीच खिडकीशी बसले होते. एकदम पायाखालची फळी हादरली. पुन्हा हादरली. वळून पाहिलं तर सून दाराबाहेर उभी, पाय आपटून झालेला, आणि हसू दाबून दाबून तोंड लाल. दोन ठोके म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. मी उठले आणि मुकाट्याने जेवायला गेले.

आम्हा दोघी न ऐकणाऱ्यांवर माया असू द्या, आणि ती जरा पाय आपटून करत जा.

तुझी,
आत्या